महाबळेश्वरची गार हवा आणि सोस्यूरची पेटी

एप्रिलच्या दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, हे सांगलीकराला शास्त्रज्ञानं सांगावं लागत नाही. पण तोच माणूस महाबळेश्वरला गेला की काच बोटभर खाली करून कुत्र्याला गाडीत ठेवतो आणि वेण्णा तलावावर निघून जातो. इथली हवा गार आहे ना!

या गार हवेचा निकाल जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूरनं अडीचशे वर्षांपूर्वीच लावलाय. आतून काळं बूच, वर तीन काचा अशी त्याची लाकडी पेटी उन्हात पाणी उकळेल इतकी तापायची. १७७४ मध्ये हा गडी ती पेटी घेऊन क्रामाँ शिखरावर चढला. बाहेर थंडी, पेटीत मात्र खालच्या खोऱ्याइतकाच ताप. आजच्या सोलर कुकरची ही पणजी.

काच उष्णतेच्या लहरी अडवते म्हणून आत तापतं, हे शाळेतलं उत्तर. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडनं १९०९ मध्ये एका पेटीवर काच बसवली आणि दुसरीवर त्या लहरी जाऊ देणारं चक्क सैंधवाचं तावदान. दोन्ही पेट्या सारख्याच तापल्या, सुमारे ५५ अंशांपर्यंत. मुख्य करामत कोंडलेल्या हवेची होती. पाठ्यपुस्तकांनी वुडला अजून फारसं मनावर घेतलेलं नाही.

मग काचेची फट पुरेल? २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात फटीनं जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो. कोंडलेल्या गाडीत त्याच धापांनी हवा दमट होते आणि उपाय निकामी ठरतो. लहान मुलाचं अंग तर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

अमेरिकेत अशी सरासरी ३७ मुलं दरवर्षी दगावतात, निम्म्याहून अधिक वेळा पालक विसरल्यामुळे. म्हणून तिकडे मागच्या सीटवरच्या सेन्सरचा गाजावाजा. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावलीत तीन मुलं, एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिलला भावंडं, त्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे उन्हाळा नसताना, गुजरातच्या अमरेलीत चार मुलं. कुणी कुणाला विसरलं नव्हतं. मुलं खेळता खेळता उभ्या गाडीत शिरली होती.

गॅरेजबाहेर महिनोन् महिने पडून असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते. सेन्सर चालणार कशावर? हॉर्नही वाजत नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडतच नाहीत. इथे कामाला येते ती किल्ली: गाडीला कुलूप लावून दारं आणि डिक्की ओढून बघायची, गाडी आपली असो वा गिऱ्हाइकाची. आणि मूल दिसेनासं झालं की आधी आसपासच्या गाड्या उघडायच्या. नागपुरात मुलं सापडली ती दुसऱ्या दिवशी, घराजवळच.