पाहणारे किती, घेणारे किती

असरची नमाज झाली की नांदेडच्या इतवाऱ्यात आणि देगलूर नाक्याला टेबलं मांडायची घाई सुरू होते. खजूर, कापलेलं कलिंगड, समोसे, हलीमची देग. अलीकडे त्यात फोनचा स्टँडही आला आहे. वाफाळत्या हलीमची रील निघते, रात्रीपर्यंत पाच हजार लोक ती पाहतात आणि त्या जोरावर दुकानदार उद्याचं गहू-मटण वाढवतो. फसगत इथेच होते. हलीम सकाळीच चढवावं लागतं, तासन्‌तास घोटावं लागतं. अंदाज आदल्या रात्रीच करायचा असतो, आणि उरलेल्या देगीला दुसऱ्या दिवशी कोण विचारणार?

पाच हजार खरे, पण कुठले? इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं फुकट करून मिळतं. त्यातल्या 'इनसाइट्स'मध्ये पाहणाऱ्यांची शहरं दिसतात. तिथे हैदराबाद आणि पुणे वर असतील, तर ही मंडळी इफ्तारला इतवाऱ्यात यायची नाहीत. किती जणांनी रील पुढे पाठवली, किती जणांनी प्रोफाइल उघडून फोन लावला, हे आकडे लाइकपेक्षा कितीतरी कामाचे.

घरातून शामी कबाब, शेवया, शीरखुर्म्याचा मसाला विकणाऱ्या बायकांचं दुकान म्हणजे व्हॉट्सॲप. बिझनेस ॲपमध्ये 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी' अशी लेबलं लावता येतात. स्टेटस दोनशे जणींनी पाहिलं, वीस जणींनी भाव विचारला, आठ जणींनी घेतलं. वीस विचारून बारा का परतल्या, याचं उत्तर त्याच चॅटमध्ये सापडतं. बहुतेक वेळा भाव नाही, उशिरा दिलेलं उत्तर नडतं. इफ्तारच्या आधीच्या तासात हात कणकेत असतात, हेही खरंच.

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. फोन हा सतरावा. गिऱ्हाईक त्या रस्त्याने आलं की नाही, हे कळायला गल्ल्यावर एकच प्रश्न पुरतो: "कुठं बघितलं?" उत्तर वहीत एका रेघेने मांडायचं.

मोठी चूक होते ती गेल्या वर्षाशी तुलना करताना. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे पहिला रोजा 2024 मध्ये 12 मार्चला होता, 2025 मध्ये 2 मार्चला. म्हणजे 25 मार्च 2024 हा 14वा रोजा, तर 25 मार्च 2025 हा 24वा. चौदाव्या रोजाला लोक खजूर आणि फळं नेतात; चोविसाव्याला कपडे, चप्पल, अत्तर, शेवया. कपडेवाल्याने तारखेला तारीख लावली, तर धंदा दुप्पट झाल्यासारखा वाटेल आणि श्रेय जाईल रीलला. तेवढ्यावर जाहिरातीत आणखी पैसे घातले की ईदच्या कमाईतून तेच वजा. दिवाळीचा व्यापारी तरी कुठे इंग्रजी तारीख धरतो? तो धनत्रयोदशीशी धनत्रयोदशी ताडून पाहतो. इथेही दहाव्या रोजाला दहावाच रोजा लावायचा.

ॲप जुने आकडे फार दिवस दाखवत नाही. म्हणून रोज तरावीहनंतर पाच मिनिटं काढावीत. वहीत चार रकाने: कितवा रोजा, किती जणांनी विचारलं, किती ऑर्डर, फोन बघून किती आले. चांदरातीला गर्दीत लिहिणं जमत नाही. त्या दिवसाचं ईदच्या दुसऱ्या दिवशी, बिलं जुळवताना लिहिलं तरी चालतं.