बर्फ, शेक आणि घड्याळ

26 ऑक्टोबर 2025 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना सुरू होता. क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला आणि ऐन भरात असलेल्या या सलामीवीर फलंदाजाची स्पर्धा तिथेच संपली. तिच्या जागी संघात आलेल्या शेफाली वर्माने 2 नोव्हेंबरला याच मैदानावर अंतिम सामन्यात 87 धावा केल्या आणि भारताच्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला.

पाय मुरगळायला अर्थात विश्वचषक लागत नाही. वाशी स्टेशनचा जिना घाईत उतरताना किंवा सकाळी पामबीच रोडच्या कडेने पळताना एक पाऊल वाकडे पडले तरी पुरते. घोटा सुजू लागतो आणि घरात लगेच दोन तट पडतात. मुलगा फ्रीजमधून बर्फ काढतो, तर आजी तव्यावर फडके गरम करायला घेते.

पहिल्या दिवशी मुलाचे ऐकावे. अस्थिबंध ताणला किंवा फाटला की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि सूज येते. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे सूज वाढायला मदतच होते. थंडाव्याने त्या आकसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कातडी गार झाली की मज्जातंतूंमधून वेदनेचे संदेश सावकाश जातात. बर्फाचा खरा आणि भरवशाचा गुण हाच: तो थोडा वेळ दुखणे कमी करतो.

त्यापलीकडच्या दाव्यांवर मात्र आता प्रश्नचिन्ह आहे. आराम, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘राइस’ नावाने जगभर पोहोचली. 2014 मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिले की, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. कारण दाह ही शरीराच्या दुरुस्तीची पहिली पायरी आहे. इजा झालेल्या जागी पांढऱ्या पेशी येतात, मोडतोड साफ करतात आणि नव्या ऊतीच्या वाढीला चालना देतात. रक्तपुरवठा तासन् तास आकसून ठेवला, तर त्यांनाही वाट मिळत नाही. 2020 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आलेल्या ‘पीस अँड लव्ह’ या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही. तिथे भर आहे तो सोसेल तितक्या हालचालीवर आणि पायावर हळूहळू भार देण्यावर.

म्हणून बर्फ लावावा तो दुखणे कमी व्हावे म्हणून, आणि घड्याळ लावून. एका वेळी 10 ते 15 मिनिटे, मध्ये निदान तासाभराची विश्रांती, आणि तेही पहिल्या एक-दोन दिवसांत. जास्त वेळ ठेवल्याने फायदा वाढत नाही. कातडीखालची चरबी गोधडीसारखी आड येते, त्यामुळे आतला स्नायू गार होण्याआधी वरची कातडीच दुखावते.

महागडा जेल पॅक असलाच पाहिजे असेही नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषतो. तेवढेच शून्य अंशाचे पाणी 30 अंशांपर्यंत तापताना फक्त 30. शिवाय वितळणारा बर्फ शून्य अंशावरच टिकून राहतो. फ्रीजरमधला जेल पॅक मात्र उणे 18 अंशांपर्यंत गार असतो, तो थेट कातडीवर ठेवला तर हिमदाह होऊ शकतो. कुटलेला बर्फ, त्यात थोडे पाणी आणि मध्ये ओले सुती फडके, एवढी सामग्री पुरे.

आता आजीची बाजू. कंबरेत उसण भरली, मान आखडली, सकाळी गुडघे धरले, पाळीत ओटीपोट दुखले, तर शेकच कामाचा. उबेने स्नायू सैलावतात आणि सांधे हलवणे सोपे जाते. कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने 2006 मध्ये आढावा घेतला. सतत ऊब देणाऱ्या पट्ट्यांनी नव्या कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम पडतो आणि सोबत व्यायाम केला तर अधिक, असे त्यात दिसले. बर्फाबाबत तसा पुरावा मिळाला नाही. पाळीच्या वेदनेवर 39 अंशांची ऊब देणारी पट्टी आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकीच उपयोगी ठरल्याचे 2001 मधल्या एका चाचणीत आढळले होते.

ऊब आणि गारवा ओळखणारी प्रथिने आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच असतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने डेव्हिड ज्युलियस यांनी उष्णतेचे प्रथिन शोधले. पुदिन्यातल्या मेन्थॉलमुळे गारव्याचे प्रथिनही सापडले, ते ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना स्वतंत्रपणे. दोघांना 2021 चे नोबेल मिळाले. बाम चोळल्यावर गार वाटते ते या गारव्याच्या प्रथिनामुळेच, कातडीचे तापमान तेवढे उतरलेले नसते. बाम लावलेल्या जागी गरम पिशवी मात्र ठेवू नये, भाजण्याचा धोका वाढतो.

शेकाचा खरा धोका भाजण्याचाच आहे. 44 अंशांची उष्णता हाताला नुसती कोमट-गरम वाटते, पण तीच कातडीला सहा तास चिकटून राहिली तर भाजते. म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपू नये. शेक 15 ते 20 मिनिटांत आटोपावा. आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना मंदावलेली असते. चटका कळतच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येते. अशांनी बधिर पायावर शेकही घेऊ नये आणि बर्फही लावू नये. आणि भाजलेच, तर त्यावर बर्फ लावू नका. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. भाजणे मोठे असेल तर नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे खास रुग्णालय आहे.

बर्फ किंवा शेक देत बसण्याआधी एक तपासणी घरीच करा. 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी घोट्यासाठी नियम दिले. त्यांचा गाभा असा: मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडांवर मागच्या कडेला वा टोकाला दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. चार पावले टाकता आली आणि हाडही दुखत नसले, तर बर्फाची 10-15 मिनिटे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बेताने चालणे, इतके बहुतेकांना पुरते. सूज किंवा वेदना आठवडाभरात उतरली नाही, तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठा.