एकट्या राक्षसाला किती पाळ्या द्याव्यात?

राक्षस एकटा आला की मरतो. त्याला दहा तोंडं द्या, वीस हात द्या, अंगात हजार हत्तींचं बळ भरा. समोर चार जण ठरवून उभे राहिले आणि प्रत्येकाला आपापली पाळी मिळाली, की तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो आडवा होतो. शेलूबाजारात आमचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं टेबल बरीच वर्षं चालू आहे. त्या काळात मी सर्वांत जास्त कागद याच एका प्रश्नावर खर्च केले आहेत.

कुरुक्षेत्रावर तेराव्या दिवशी अभिमन्यूचं नेमकं हेच झालं. चक्रव्यूहात शिरल्यावर एकेकट्याने समोर येणाऱ्या कुणालाच तो आवरत नव्हता. मग कर्णाने त्याचं धनुष्य तोडलं, कृतवर्म्याने घोडे मारले, कृपाचार्यांनी रथाचे सारथी मारले. त्याने एक हालचाल करावी, तेवढ्यात समोरून तीन व्हाव्यात. तलवार गेली, ढाल गेली, रथाचं चाक उचललं तर तेही तोडलं. शौर्य तसूभरही कमी नव्हतं. ज्याला टेबलावर मोठा राक्षस उभा करायचा आहे, त्याने द्रोणपर्वातला हा भाग हिशेबाची वही घेऊन वाचावा, असं मी गोष्ट चालवणाऱ्या प्रत्येक नव्या डीएमला सांगतो. आपला जीव अभिमन्यूसाठी तुटतो ते योग्यच आहे. पण खेळात त्याच्या जागी राक्षस असतो आणि महारथींच्या जागी आपले खेळाडू.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात: लढवय्या, जादूगार, चोर, पुजारी. जे अवघड असेल ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. २०१६ पासून ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे तो भारतातल्या पोरांपर्यंत पोचला. मूळ नियमांचा गाभा २०२३ पासून सगळ्यांना वापरायला मोकळा आहे, त्यामुळे चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला तरी चालतो. एवढी माहिती पुढच्यासाठी पुरे.

आमच्या टेबलावर कृषी सेवा केंद्र चालवणारा एक भाऊ आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडम आहेत, अकोल्याला फार्मसी शिकणारी एक मुलगी आहे आणि पुण्याहून सणावाराला येणारा एक इंजिनिअर आहे. समृद्धी महामार्गाला शेलूबाजारला उतरायची सोय झाल्यापासून त्याचं येणं वाढलं. सोयाबीन निघून विकलं गेलं, की दिवाळीच्या आसपास आमची सर्वांत मोठी लढाई होते.

आता हिशेब. हे चौघं सहाव्या पातळीवर आहेत असं धरा. प्रत्येकाने आपल्या पाळीत सगळे वार लावले तर साधारण २० इजा होते. पण वार दर वेळी लागत नाही. शंभरात साठदा लागतो असं समजू. म्हणजे माणशी सरासरी १२, आणि चौघांची मिळून एका फेरीत ४८. राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत तो सोसू शकेल ती इजा, १०० ठेवले तर तिसऱ्या फेरीतच खेळ खलास. पहिली फेरी ओळखीत जाते, तिसरीत तेरावं! म्हणून नवा डीएम हिट पॉइंट ४०० करतो. इथे माझा ठाम विरोध आहे. चारशेचा राक्षस भयंकर वाटत नाही, कंटाळवाणा वाटतो. सहाव्या फेरीनंतर खेळाडू मोबाइल बघायला लागतात.

माझा आकडा असा: लढाई पाच फेऱ्यांत संपावी. ४८ गुणिले ४ होतात १९२, म्हणून हिट पॉइंट २०० ठेवावेत, म्हणजे तो पाचव्या फेरीत पडतो. उलट बाजूही मोजायची. चौघांचे मिळून हिट पॉइंट १८०च्या आसपास भरतात. त्यातले दोन तृतीयांश पाच फेऱ्यांत गेले पाहिजेत, म्हणजे फेरीला २४. जास्त गेले तर घात, कमी गेले तर सहल. शिवाय एकाच फटक्याची सरासरी सगळ्यांत अशक्त पात्राच्या हिट पॉइंटपेक्षा कमीच हवी. फार्मसीवाल्या मुलीच्या जादूगाराचे ३८ असतात. पहिल्याच पाळीत ती मुलगी आडवी झाली, तर अकोल्याहून बसने येऊन पुढचा तासभर तिने बघत बसायचं का?

नियम लिहिणाऱ्यांनाही एकट्याचं दुखणं ठाऊक होतं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी ‘सोलो’ राक्षसांची वेगळी जात काढली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत उपाय आणखी नेटका झाला. प्रौढ लाल ड्रॅगन घ्या: हिट पॉइंट २५६, तोंडातून निघणाऱ्या आगीची सरासरी इजा ६३. पण त्याची खरी ताकद दुसरीकडे आहे. त्याला तीन ‘लेजेंडरी ॲक्शन’ मिळतात, म्हणजे दुसऱ्याची पाळी संपली की तो मध्येच शेपटी फिरवू शकतो, पंख आपटू शकतो. गुहेत असेल तर गुहाही त्याच्या बाजूने लढते. आणि कुणी त्याला मंत्राने जागीच थिजवायला गेलं, तर दिवसातून तीनदा तो ते सरळ नाकारू शकतो. त्याच आवृत्तीत डीएमला असंही सांगितलं होतं की समोर तीन ते सहा राक्षस असतील, तर अवघडपणा मोजताना त्यांच्या गुणांची बेरीज दुप्पट धरा. संख्येची किंमत तिथे उघड मान्य केली होती. २०२४च्या नव्या पुस्तकातून हा गुणाकार काढून टाकला. मला तो हवा होता.

आपल्याकडे पारावर खडूने आखून वाघ-बकरी खेळायचे, त्यात हा प्रश्न फार सुंदर सुटलेला आहे. नेपाळात याच जातीचा ‘बाघचाल’ खेळतात. त्यात चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरी कुणालाच खाऊ शकत नाही. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकला. पण सगळ्या वाघांना हलायला जागा उरली नाही, की बकऱ्या जिंकल्या. बकऱ्यांना वाघ मारायचाच नाही, कोंडायचा आहे. दोन्ही बाजूंच्या जिंकण्याच्या अटीच वेगळ्या. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी राक्षसाचे हिट पॉइंट सगळ्यांत शेवटी ठरवतो.

मग आधी काय ठरवायचं? वरदान.

आपल्या पुराणांनी या कामात जे करून ठेवलं आहे, त्याला तोड नाही. हिरण्यकशिपू घ्या. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. ही यादी ऐकून प्रथम वाटतं की याला मारताच येणार नाही. पण प्रत्येक दोन नकारांच्या मध्ये एक फट सोडलेली आहे: संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. उत्तम राक्षसाचा हा आराखडा आहे. बळ उघड दिसावं आणि फट शोधावी लागावी. फटीपर्यंत पोचायची वाट डीएमने गोष्टीत पेरलेली हवी, तीही एका जागी नाही, निदान तीन जागी. एक खूण खेळाडू हमखास चुकवतात. कारंज्याला गुरुमंदिरात मी जातो तेव्हा नृसिंहसरस्वतींच्या नावातला, हिरण्यकशिपूला मारणारा नृसिंह मला आठवतो आणि पुढच्या लढाईचं काहीतरी सुचतं.

रक्तबीज तर पाळ्यांच्या हिशेबावरचं थेट उत्तर आहे. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तसाच दुसरा उभा. जितके जोरात माराल तितक्या त्याच्या पाळ्या वाढणार. आमच्या भाऊने एकदा रक्तबीजासारख्या राक्षसावर मोठ्या हौसेने दोन वार घातले आणि समोर तिघे उभे राहिले तेव्हा तो ओरडला, “अबे थांबा! कोनी मारू नका त्याले!” हे वाक्य एरवी त्या तोंडून निघणं अशक्य. देवीने काय केलं? रक्त जमिनीवर पडूच दिलं नाही, चामुंडेने ते वरच्या वर प्यायलं. टेबलावर मात्र रक्तबीज चालवताना आवर घालावा लागतो. नवा निघालेला प्रत्येक जण मूळच्याच तोडीचा ठेवला तर सगळा गट दुसऱ्या फेरीत संपेल; एका घावात पडणारे ठेवावेत आणि एका वेळी चाराच्या वर उभे राहू देऊ नयेत.

महिषासुर म्हणजे टप्प्याटप्प्याने बदलणारा राक्षस. सप्तशतीत तो रेडा असतो, मग सिंह होतो, मग ढाल-तलवार घेतलेला पुरुष, मग हत्ती, आणि परत रेडा. देवी त्याला रेड्याच्या तोंडातून अर्धवट बाहेर येताना मारते. रूप बदलण्याचा तो क्षण हाच त्याचा दुबळा क्षण! मी माझ्या प्रत्येक बहुरूपी राक्षसाला हा नियम लावतो: रूप बदलताना एक पूर्ण पाळी त्याला स्वतःला वाचवता येत नाही. खेळाडूंना दुसऱ्या बदलाच्या वेळी हे कळतं आणि तिसऱ्याची ते दबा धरून वाट पाहतात.

उत्तरकांडातला लवण आणखी वेगळा. शंकराचा शूल हातात असेपर्यंत तो अजिंक्य. शत्रुघ्नाने त्याचं बळ कमी केलं नाही. तो शिकारीला गेलेला असताना दार अडवलं आणि शूलाविना गाठलं. म्हणजे लढाई जिंकायची जागा लढाईच्या आधी आहे. मॅडमना ही तऱ्हा फार आवडते. त्या तलवार काढण्याआधी राक्षस जेवतो कधी आणि झोपतो कुठे हे विचारतात.

जेजुरीच्या मणी-मल्लांचाही उल्लेख करायलाच हवा. मल्हारी माहात्म्यात मणी मरताना शरण येतो, आपला घोडा खंडोबाला देतो आणि देवाजवळच जागा मागून घेतो. राक्षस मरण्याआधी हरू शकतो, ही शक्यता डीएमने नेहमी उघडी ठेवावी. हिट पॉइंट चौथ्या हिश्शावर आले की मी राक्षसाला बोलू देतो. भाऊ वार करायला निघालेला असतो आणि मॅडम त्याला आवरतात, “थांब ना जरा. आधी त्याले बोलू तं दे.”

या सगळ्यातून आमचा लोणासुर तयार झाला. मालेगाव, मेहकर करत लोणारला मी वहीच घेऊन गेलो होतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा उल्केच्या आघाताने झाला हे शास्त्र सांगतं. तिथली कथा सांगते की खाली लोणासुराचं घर होतं आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्यावरचं झाकण उडवलं. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या गाभाऱ्यात असुरावर उभा असलेला विष्णू आहे. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. मग खाली तळ्याच्या काठावर गेलो. पाणी खारं आणि अल्कधर्मी, त्याचा तो उग्र वास, काठावर वाळून पांढरा पडलेला क्षार. २०२० साली हेच पाणी गुलाबी झालं होतं. तो पांढरा थर मी बोटाने खरवडला तर पापुद्रा निघाला, आणि राक्षसाचं चिलखत तिथेच मिळालं.

आमच्या लोणासुराच्या अंगावर मिठाचे तीन थर आहेत. ड्रॅगन मंत्र नाकारतो तेव्हा खेळाडूची पाळी नुसती वाया जाते आणि तो हिरमुसतो. नियमाचा हा भाग मला कधीच पटला नाही. लोणासुर मंत्र नाकारतो तेव्हा त्याचा एक थर तडकून गळतो आणि त्याच्यावर वार लागणं एका गुणाने सोपं होतं. मुलीचा मंत्र फुकट गेला तरी भाऊची तलवार त्यामुळे लागते. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तळं वाफ सोडतं. काठावर उभे असाल तर डोळे चुरचुरतात, उंचावर असाल तर वाचता. आणि झाकण! ते वर असताना तो जखमा भरून काढतो, फेरीला १५. ते उडवायला तलवार नाही चालत, दोघांनी आपापली पाळी खर्च करून एकाच फेरीत रेटावं लागतं. दोन पाळ्या गेल्या की फेरीची इजा ४८वरून २४वर येते. तेवढी किंमत मोजून झाकण आत्ताच उडवायचं, की आधी मारत सुटायचं? गेल्या खेपेला यावर टेबलाशी एवढा वाद झाला की चहा गार झाला.

एक गोष्ट मी कधीही करत नाही. राक्षस लवकर मरायला लागला म्हणून गुपचूप हिट पॉइंट वाढवणं, किंवा खेळाडू मरायला लागले म्हणून पडद्याआड फासा फिरवणं. मोठ्या राक्षसाचे फासे मी सगळ्यांसमोर टाकतो. पारडं फार झुकलं तर राक्षसाचा स्वभाव वापरतो. लोणासुर गर्विष्ठ आहे. खाली पडलेल्याला तो पुन्हा मारत नाही, ज्याने अपमान केला त्याच्यामागे धावतो. मॅडमनी हे ओळखलं आणि शिव्या देऊन त्याला झाकणाजवळून लांब नेलं. ते फासा फिरवून साधलं नसतं.

या दिवाळीत आमच्याकडे पाचवा खेळाडू येतो आहे, भाऊचा पुतण्या. म्हणजे फेरीला ४८च्या जागी ६०, आणि दोघे झाकणाशी गुंतले तरी मारायला तिघे मोकळे. हिट पॉइंट मी २५० केले आहेत, पण त्यावर भिस्त नाही. झाकण रेटायला आता तिघं लागतील, आणि लोणासुराला दुसऱ्याच्या पाळीनंतर फेरीत एकदा मिळणारा फटका आता दोनदा मिळेल. वाफ तेवढीच ठेवली आहे. पोरगं नवं आहे, त्याला पहिल्या फेरीत काठावर उभं राहून बघू दे.