'अग्निपूजक' : शब्दाचा अर्थ आणि उगम

प्राचीन इराण किंवा भारतातील पारशी समाज यांविषयी वाचताना 'अग्निपूजक' हा शब्द तुम्हाला हमखास भेटतो. फारसीत याच अर्थाचा 'आतशपरस्त' हा शब्द आहे. दोन्ही नावे बाहेरच्यांनी दिलेली आहेत. जरथुश्त्राचे अनुयायी आपल्या धर्माला 'मज्दयस्न' म्हणतात. त्यातला 'यस्न' म्हणजे संस्कृतातला 'यज्ञ'. उपासना कोणाची, हे या नावातच सांगितले आहे : अहुर मज्दाची.

आता 'आतशपरस्त' फोडून पाहा. 'आतश' हा शब्द अवेस्ता भाषेतील 'आतर्' या शब्दापासून आला. सोम आणि होता यांचे जुळे शब्द अवेस्तात 'हओम', 'झओतर' असे सापडतात. अग्नीसाठी मात्र इराणी भाषांत वेगळाच शब्द रूढ झाला. आपल्या 'अग्नि'ची भावंडे दूर युरोपात आहेत : लॅटिन 'इग्निस', लिथुआनियन 'उग्निस'.

'परस्त' हा भाग अधिक महत्त्वाचा. 'वतनपरस्त', 'मौकापरस्त' या शब्दांत तुम्ही तो ऐकला असेल. त्यामागच्या क्रियापदाचा जुना अर्थ 'सेवा करणे' असा आहे. आजच्या इराणमध्ये रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला 'परस्तार' म्हणतात. हा अर्थ धरला तर शब्द बराच नेमका ठरतो. (हिणवण्यासाठी तो वापरणाऱ्यांच्या मनात अर्थातच हे नसे.) आतश बेहराममध्ये धर्मगुरू दिवसाच्या पाचही प्रहरांत अग्नीला चंदन अर्पण करतात. आपला श्वास लागून अग्नी अपवित्र होऊ नये म्हणून तोंडावर 'पदान' हे पांढरे वस्त्र बांधतात.

मग अग्नी केवळ प्रतीक आहे, असे लिहावे काय? तेही अपुरे ठरेल. अवेस्तात आतर् हा 'यजत', म्हणजे पूजनीय मानला आहे. त्याला अहुर मज्दाचा पुत्र म्हटले आहे आणि 'आतश न्यायेश' ही त्याची स्वतंत्र प्रार्थनाही आहे. पण तो मज्दाच्या जागी बसत नाही.

आतश बेहराम ही अग्नीची सर्वोच्च श्रेणी. भारतात असे आठ अग्नी आहेत : मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी व उदवाडा येथे प्रत्येकी एक. उदवाड्याचा 'ईरानशाह' १७४२ पासून तेथे आहे. आतश बेहरामच्या स्थापनेसाठी सोळा ठिकाणचे अग्नी आणून, पुन्हा पुन्हा शुद्ध करून एकत्र करतात. त्यांत कुंभाराच्या भट्टीचा, सोनाराचा, विजेने पेटलेला आणि चितेचाही अग्नी असतो.