आंतरकर्णाच्या संतुलन चाचण्या

आंतरकर्णाच्या संतुलन चाचण्या म्हणजे कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या अवयवांचे कार्य तपासणाऱ्या वैद्यकीय चाचण्या होत. प्रत्येक कानात असे पाच अवयव असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात. युट्रिकल व सॅक्युल गुरुत्व आणि सरळ रेषेतील हालचाल टिपतात. बहुतेक चाचण्यांत डोळ्यांच्या हालचालींवरून या अवयवांच्या कार्याचा अंदाज घेतला जातो.

जुनी उष्मीय चाचणी रॉबर्ट बारानी यांच्या संशोधनातून आली. त्यांना १९१४चे नोबेल पारितोषिक मिळाले. कानात ३० व ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडले की डोळे लयीत सरकू लागतात. दोन्ही बाजूंच्या प्रतिसादांतील फरक टक्केवारीत मांडतात. एक कान दुबळा असेल तर ही पद्धत उत्तम. दोन्ही सारखेच दुबळे असतील तर टक्केवारी निर्दोष दिसते, आणि प्रतिसादांची बेरीज न पाहणारा तपासनीस फसतो.

मुंबईत हा प्रश्न पुस्तकी नाही. परळ-लालबागच्या गिरणवस्तीलगत, शिवडी येथे महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. क्षयरोगाच्या पुनरुपचारात भारतात पूर्वी दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. हे औषध दोन्ही कानांतील संतुलन-पेशी एकाच वेळी नष्ट करू शकते. अशा रुग्णाला गरगरत नाही. चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात मात्र तोल जातो आणि चालताना बसवरील पाटी थरथरते. श्रवणचाचणी निर्दोष आली तर तक्रार अशक्तपणावर ढकलली जाण्याचा धोका असतो.

ही उणीव हालमागी व कर्थॉईस यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या शीर्षझटका चाचणीने बरीच भरून काढली. रुग्णाने एका बिंदूकडे पाहायचे आणि तपासनिसाने त्याचे डोके अचानक थोडे वळवायचे. नलिका निकामी असल्यास नजर बिंदूवरून सरकते व मागाहून उडी मारून परतते. कॅमेऱ्याच्या चष्म्यामुळे आता सहाही नलिका स्वतंत्रपणे मोजता येतात. डोके व डोळे यांच्या वेगांचे गुणोत्तर दोन्ही बाजूंना ०.६ पेक्षा कमी असणे हा उभयपक्षी ऱ्हासाचा एक निकष आहे. सॅक्युलसाठी मोठ्या आवाजाला मानेच्या स्नायूने दिलेला प्रतिसाद नोंदवतात.

तरीही जुनी चाचणी बाद झालेली नाही. मेनिएर विकारात उष्मीय प्रतिसाद मंद आणि शीर्षझटका निर्दोष असे पुष्कळदा आढळते, कारण पहिली चाचणी अतिमंद उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद तपासते, तर दुसरी वेगवान हालचालीला मिळणारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बहुऔषधरोधी क्षयरोगासाठी कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन टाळण्यास सांगितले. अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन काही रुग्णांना अजूनही द्यावे लागते. पहिल्या इंजेक्शनापूर्वीची नोंद हाती असेल, तरच नंतरची घट मोजता येते.