काळा उंबर : दोन झाडांचे एक कोडे

‘उंबर फोडून केंबरे उडवू नये’ असे जुनी माणसे म्हणत. झाकलेली गोष्ट उगाच उघडी करू नये, हा त्याचा अर्थ. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र हा सल्ला मोडावाच लागतो. त्यासाठी नेहमीच्या उंबराबरोबर त्याचा लहान चणीचा भाऊबंद, काळा उंबर, जरूर पाहावा. काही भागांत त्याला बोखाडा असेही म्हणतात. शास्त्रीय नाव फायकस हिस्पिडा. वड, पिंपळ, फणस आणि तुती ज्या मोरेसी कुळातले, त्याच कुळातला हा लहानसा वृक्ष.

ओढ्याकाठी, ओलसर जंगलाच्या कडेला तो सहज आढळतो. भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीन आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा प्रसार आहे. ओळखायला सोपा. पाने खरखरीत, केसाळ आणि समोरासमोर असतात. वड, पिंपळ, उंबर यांची ती एकाआड एक असतात. फळांचे घोस खोडावर आणि लोंबत्या, पर्णहीन फांद्यांवर लागतात. कधी ते पार जमिनीला टेकतात.

आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे तर कुंभासनी पुष्पविन्यास आहे. म्हणजे मडक्यासारख्या पोकळीत आतल्या बाजूने लागलेली शेकडो बारीक फुले आणि टोकाला खवल्यांनी झाकलेले एक छिद्र. या छिद्रातून आत शिरते ते केंबरे, गांधीलमाशीचे दोनेक मिलिमीटर लांबीचे नातलग. परागीभवन तेच करते.

साध्या उंबराच्या एकाच फळात बियाही तयार होतात आणि केंबरीही वाढतात. काळ्या उंबराने ही कामे दोन झाडांवर वाटून दिली आहेत.

पहिल्या झाडाच्या फळात नरफुले असतात आणि आखूड कुक्षिवृंताची मादीफुले असतात. केंबऱ्याच्या मादीची अंडी घालण्याची नळी या फुलांच्या अंडाशयापर्यंत पोचते. तिथे बी न होता गाठ बनते आणि गाठीत अळी वाढते. पिल्लांतले नर बिनपंखी असतात. ते गाठीतच माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडतात आणि मरतात. माद्या पराग गोळा करून उडून जातात. व्यवहारात हे झाड ‘नर’ ठरते.

दुसऱ्या झाडाच्या फळात सगळी मादीफुले, तीही लांब कुक्षिवृंताची. इथे शिरलेल्या मादीची नळी अंडाशयापर्यंत पोचतच नाही. ती पराग सोडते आणि एकही अंडे न रुजवता मरते. छिद्रातून आत शिरताना तिचे पंख तुटलेले असतात. परतीची वाट नसते. झाडाला बिया मिळतात, तिचा वंश मात्र तिथेच संपतो.

आता कोडे असे : जिथे गेल्यावर निर्वंश होतो ते फळ टाळायला केंबरी शिकली का नाहीत? नैसर्गिक निवडीने अशा चोखंदळ माद्याच उरायला हव्या होत्या. आणि तसे झाले असते, तर काळ्या उंबराला बी धरलेच नसते!

उत्तराचा एक भाग वेळेत आहे. मादीला फळाबाहेर एखाद-दोन दिवसांचेच आयुष्य मिळते. निवड करत बसणारी वाटेतच मरते. दुसरा भाग वासात आहे. माद्या फळाच्या वासाचा माग काढत येतात आणि दोन्ही झाडांच्या फळांचा वास बराच सारखा असतो. तो सारखा का राहिला असावा? अॅलन ग्रॅफेन आणि चार्ल्स गॉडफ्रे यांनी 1991 साली याचे सुंदर तर्कशुद्ध स्पष्टीकरण मांडले. समजा, एखाद्या नर झाडाचा वास वेगळा झाला. त्या वासाकडे ओढल्या गेलेल्या माद्यांच्या लेकींनाही तोच वास आवडणार. त्या या झाडाचा पराग तशाच नर फळांत नेणार, जिथे बी होत नाही. म्हणजे वेगळेपणाचा तोटा झाडालाच. उलट, मादी झाडासारखा वास असलेल्या नर झाडाचा पराग बियांपर्यंत पोचतो. वास निवडला जातो तो झाडाच्या फायद्यासाठी; फसते ते केंबरे.

या कोड्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. मादी झाडाची रसाळ फळे वटवाघळे खातात आणि बिया दूरवर पसरवतात. नर झाडाची फळे कोरडी, किड्यांनी भरलेली. ‘हे झाड कुचकामी’ म्हणून ओढा साफ करताना ते तोडले, तर केंबरी वाढणार कुठे? मादी झाड उभे राहील, पण त्याला बी धरणार नाही. शिवाय एकाच झाडाची फळे साधारण एकाच वेळी तयार होत असल्याने एक नर झाडही पुरत नाही. आगेमागे फळणारी अनेक झाडे जवळपास हवीत.

वर्गासाठी प्रयोग : जवळपासच्या चार-पाच झाडांची प्रत्येकी पाच वाढलेली फळे उभी चिरा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. भिंगातून पाहा. बिया दिसल्या तर झाड मादी. पोकळ गाठी किंवा केंबरी दिसली तर नर. झाडांवर क्रमांक घालून नकाशा काढा. आपल्या ओढ्यावर दोन्ही प्रकार शिल्लक आहेत का, हे त्यावरून मुलांनाच सांगू द्या.