मल्लाचा सोबती : मल्लखांब

बेंगळुरूच्या जुन्या भागातील कुस्तीच्या तालमींना कन्नडमध्ये ‘गरडी मने’ म्हणतात. तालीम कोणत्याही प्रांतातील असो, नुसत्या झुंजीने मल्ल घडत नाही. त्याला पूरक व्यायामही करावा लागतो. मल्लखांब हा असाच व्यायाम होय. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडी खांबाला हातापायांनी विळखा घालताना पकड घट्ट होते, अंग लवचीक बनते आणि तोल साधतो. शिवाय जोडीदार नसतानाही हा सराव करता येतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. पुढे ती स्वतंत्र खेळ म्हणून विकसित झाली. २०२२ मध्ये बेंगळुरू येथे झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचाही समावेश होता.